चाळीस तास सेवा, बारा तास क्लास

आमच्या एक्स्टेंशनमधल्या, म्हणजे नव्या वस्तीतल्या, बागेच्या गेटवर एक पत्र्याचा बोर्ड आहे. वर कन्नड, मध्ये इंग्रजी, आणि खाली जागा उरली म्हणून मराठी. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला चाळीस तास सामाईक सेवा आणि बारा तास शिक्षण पूर्ण करावे, अन्यथा कार्ड रद्द होईल व वाफा काढून घेतला जाईल, असं त्यावर लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या बोर्डाकडं बघितलं की तोंड कडू होतं.

शिक्षण म्हणे! माझं माहेर गुंजीच्या पलीकडचं. सातव्या वर्षी मी भाताची रोपं उपटून जुड्या बांधत होते. लग्न होऊन हिंडलग्याला आले तर तिथंही शेतीच. सकाळी शेतात आणि दहा वाजता शाळेच्या ऑफिसात क्लार्क, अशी मी तीस वर्षं काढली. मग सासरच्या जमिनीवर प्लॉट पडले. मुलगा मच्छेच्या कारखान्यात लागला, त्याला जवळ पडावं म्हणून आम्ही वडगावच्या पलीकडं दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथं मातीचा एक कण दिसायचा नाही. दिसला तर सून लगेच फडकं घेऊन यायची. म्हणून पडीक जागेत सगळ्यांची मिळून बाग होतेय असं कळल्यावर मी पहिल्या दिवशी अर्ज केला. आठ नंबरचा वाफा मिळाला, दहा फूट बाय चार फूट. एकेकाळी माझ्या नवऱ्याच्या बैलगाडीला एवढी जागा उभं राहायला लागायची.

बागेची सेक्रेटरी निपाणीकडची. कुठल्याशा मोठ्या ऑफिसात लोकांना ट्रेनिंग द्यायचं काम करून रिटायर झालेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या घेतल्या, आता हात रिकामे ठेववेनात, म्हणून आमच्या मागं लागली. आवाज गोड. कधी ओरडायची नाही. नियम सगळ्यांना सारखा हां, एवढं हसत म्हणायची आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. तिच्या हातात कायम एक लांबट रजिस्टर असायचं. त्यात वाफ्याचा नंबर, नाव आणि तास. कोण काय पिकवतं याचा त्यात रकाना नव्हता.

पहिला क्लास होता 'मातीची ओळख'. कम्युनिटी हॉलमध्ये पडदा लावलेला, खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात प्लास्टिकच्या डबीत मूठभर माती. शिकवायला आलेली मुलगी माझ्या नातीच्या वयाची असेल. तिनं आम्हाला डोळे मिटायला लावले, माती बोटांनी चोळायला लावली आणि एकेकीला विचारलं की कसं वाटतंय. माझी पाळी आली. मी म्हटलं, या मातीत काही येणार नाही, ही पाया खणलेली माती आहे, वरची नव्हे. ती मुलगी गोंधळली. सेक्रेटरी मागून हसत म्हणाली की आपण इथं शिकायला आलोय, शिकवायला नाही. सगळ्या हॉलसमोर माझा पाणउतारा झाला. मी डबी झाकली, दोन तासांची सही केली आणि ठरवलं की पुन्हा या क्लासला पाऊल ठेवायचं नाही. बारातले दोन झाले, उरलेले दहा गेले खड्ड्यात.

माझं असं सगळ्यांशी वाजायचं. दहा नंबरवाले सर फवारणीचा पंप माझ्या बांधावर ठेवायचे, त्यांच्याशी वाजलं. पाण्याच्या टाकीची किल्ली कुणाकडं असावी यावरून वाजलं. एका नऊ नंबरवालीशी तेवढं जमलं.

नऊ नंबरला वडगावच्या आक्का होत्या. विणकरांचं घर. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या, जाड, मान जरा एका बाजूला कललेली. पुढच्या सोप्यात दोन पॉवरलूम, मागं स्वयंपाक, वर माळ्यावर झोपायचं. सकाळी सहापासून जी खडखड सुरू होते ती रात्री जेवणापर्यंत. आक्का तशा मोठ्यानं बोलायच्या, त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलतात. पण बागेत आल्या की हळूहळू त्यांचा आवाज खाली यायचा. शेतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मेथी पेरली तर उगवते की नाही बघायला तिसऱ्या दिवशी उकरून बघणारी बाई! मी एकदा रागानं विचारलं की मग येता कशाला इथं. त्या म्हणाल्या, "कानाला जरा इसावा मिळतोय गं." त्यानंतर मी त्यांना अहोजाहो करायचं सोडलं. आक्का, तू असं म्हणायला लागले.

क्लासला मात्र आक्का एकही चुकवायची नाही. पुढच्या खुर्चीत बसायची, वही घेऊन. लिहिता फार येत नव्हतं तर चित्रं काढायची. मी तिला चिडवायचे की आता मास्तरीण होणार का या वयात. ती वही छातीशी धरून हसायची.

त्या वर्षी आषाढात आक्काच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी उकिडवं बसायला सहा महिने मनाई केली. सामाईक सेवा म्हणजे दर रविवारी सकाळी दोन तास वाटा खुरपायच्या, खताचा खड्डा हलवायचा, टाकीभोवतीचं गवत काढायचं. ते आक्काला जमणार नव्हतं. मी भेटायला गेले तर लूमच्या आवाजात ती मला ओरडून सांगत होती की कार्ड जाणार, आणि डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, एवढंच ना, आपण पैरा करू.

पैरा आमच्याकडं शेतीच्या घरात सगळ्यांना माहीत. आज आमच्या घरची चार माणसं तुमच्या शेतात रोप लावायला, परवा तुमची चार आमच्याकडं. कोण किती वाकलं ते कुणी लिहीत नाही. ज्याचं शेत त्याचं काम. संध्याकाळी कुणी विचारलं आज कुणाची लावणी झाली, तर शेतवाल्याचं नाव सांगायचं, राबणाऱ्याचं नाही. राबणाऱ्याला ठाऊक असतं की आपला दिवस येणार आहे. आक्काला हे नवं होतं. त्यांच्यात मागाचं काम ज्याचं त्याचं. तिनं विचारलं, म्हणजे उसनं का? मी म्हटलं, उसनं नव्हे, पैरा. आता मी तुझं करते, गुडघा बरा झाला की तू माझं कर. ती व्हय म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी मी गेटवर सेक्रेटरीला सांगायचे की आज नऊ नंबरचं काम आहे. ती मान वर न करता नऊच्या रकान्यात दोन लिहायची. मी तिला हे का सांगितलं? कुणी विचारलं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. माझ्या तोंडून ते आपोआपच यायचं, लहानपणापासून यायचं तसं. तीस वर्षं ऑफिसात मस्टर सांभाळलेली मी बाई, पण हातात खुरपं आलं की मस्टर डोक्यातून जायचं. श्रावण गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. नऊच्या रकान्यात छत्तीस तास झाले आणि माझ्या आठच्या रकान्यात सहा.

दरम्यान माझ्या वाफ्यात वांगी लागली होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माहेरी आमच्याकडं एक वांगं होतं, लिंबाएवढं गोल, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, देठाला काटे. बाजारात ते कधी दिसलं नाही. आई दर वर्षी त्याचं बी धरायची. आई गेली, भावांनी सगळ्या रानात ऊस लावला, वांग्याला कोण विचारतो! मी तिच्या लुगड्याच्या गाठीतलं बी उचलून आणलं होतं आणि नोकरीच्या धबडग्यात चारपाच वर्षं तसंच ठेवलं होतं. दसऱ्याला सगळं बी कुंडीत टाकलं. जुनं झालेलं, चारच रोपं उगवली, ती वाफ्यात लावली. त्या चार झाडांशिवाय ते वांगं कुठंही उरलं नव्हतं, माझ्या माहितीत तरी नाही.

पहिली वांगी खाल्ली. मग प्रत्येक झाडावरचं एक सगळ्यात चांगलं फळ बियाण्याला राखलं. ओळखू यावं म्हणून आक्कानं साडीच्या काठाच्या चार लाल चिंध्या आणून दिल्या, मी त्या देठाला बांधल्या. बियाण्याचं वांगं झाडावरच पिवळं व्हावं लागतं. आधी तोडलं तर आतलं बी पांढरं, पोकळ, पाण्यात तरंगतं. ते उगवत नाही. मार्चच्या मध्याला मी बोटानं दाबून बघितलं तर अजून हिरवट जांभळी होती. अजून पंधरवडा हवा होता.

आणि मार्चअखेर बागेचं वर्ष संपत होतं. सेक्रेटरीनं बोर्डावर यादी लावली. आठ नंबर, सेवा सहा तास, शिक्षण दोन तास, कार्ड रद्द. पुढच्या रविवारी वाफा मोकळा करून प्रतीक्षा यादीतल्या माणसाला देणार.

मी तिथल्या तिथं सेक्रेटरीला गाठलं. ती शांतपणे म्हणाली की क्लासचे तास पुढं भरून काढता येतील, त्याला तीन महिन्यांची सवलत आहे, पण सेवेला सवलत नाही. मी म्हटलं की सेवा मीच केलीय, नऊ नंबरला लिहिलेली सगळी. तिनं बुधवारी संध्याकाळी कमिटीपुढं सांगा म्हटलं. मी पंधरा दिवस तरी मागितले. बियाण्याची फळं आहेत, पिकू दे, मग वाफा काय, माझी कातडी घेऊन जा. ती म्हणाली की पिकलेली फळं झाडावर ठेवणं तसंही नियमात बसत नाही, कीड लागते. हे शेतकऱ्याच्या पोरीला सांगत होती.

त्या संध्याकाळी मी आक्काला फोन केला. गुडघा बरा होऊन अडीच महिने झाले होते. पौषापासून ती बागेत येत होती, स्टूल घेऊन बसायची, स्वतःच्या वाफ्यात हात चालवायची, वर्षाचे उरलेले चार तासही तिनं टाकीच्या नळाला पाइप धरून भरले होते. माझ्या नावावर मात्र एक तासही केला नव्हता. मी तोंडानं मागितलं नव्हतं. पैरा मागायचा नसतो, तो समोरच्याला आठवायला लागतो. आता मी सांगितलं की बुधवारी ये आणि जे झालं ते सांग. ती म्हणाली, सांगते की.

बुधवारी हॉलमध्ये कमिटीची पाच माणसं टेबलामागं आणि आम्ही दोघी समोर. मी सगळं सांगितलं, पैरा म्हणजे काय ते सुद्धा. कमिटीतले दहा नंबरवाले सर हसले. बघितलंय ना तुम्ही मला दर रविवारी, असं मी त्यांना विचारलं, तर म्हणाले की मी आपल्या कामात असतो. मग सेक्रेटरीनं आक्काला समजावलं की दुसऱ्याच्या नावावर सेवा केली असेल तर दोघींचीही कार्डं जातात, नियम तसाच आहे, तेव्हा विचार करून सांगा. आणि विचारलं की हे तास तुमचे की यांचे.

आक्का खाली बघत होती. मला वाटलं रडतेय. मग तिनं दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवले. आयुष्यभर माग ओढलेले, घट्टे पडलेले हात.

"माझंच काम हाय," ती म्हणाली. "मीच केलंय."

मी ओरडले. काय काय बोलले ते आता लिहायची लाज वाटते. तिच्या गुडघ्यावरून बोलले, तिच्या जातीवरून बोलले नाही एवढंच. विश्वासघातकी म्हटलं, हरामाचं खाणारी म्हटलं. ती मान कलती करून बसून राहिली. तिला कार्ड हवं होतं, कानाला विसावा हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त संताप आला. माझ्या चार झाडांपेक्षा हिला हिचे कान मोठे!

रविवारी वाफा मोकळा करायचं काम होतं. मी गेले नाही. आत पाऊल टाकायचा हक्कही उरला नव्हता. वरच्या गॅलरीत बसून राहिले. सून चहा घेऊन आली तर तिच्यावरही खेकसले. शनिवारी गेटच्या जाळीतून बघितलं होतं, फळं हिरवीच होती. ती तोडून आणली असती तरी उपयोग नव्हता. आणि फळावर आलेलं वांग्याचं झाड उपटून दुसरीकडं लावतात हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. आमच्यात असं कुणी केलं असतं तर त्याला गावानं वेड्यात काढलं असतं. दुपारी कुणीतरी सांगितलं की आठ नंबर साफ झाला, शेजारचा वाफा म्हणून नऊवालीलाच काम दिलं होतं, दोन तास लिहिले तिच्या नावावर. मी ते ऐकलं आणि मनातल्या मनात आक्काच्या नावानं आंघोळ केली.

पाडवा झाल्यावर एका सकाळी दारावरची बेल वाजली. आक्का होती. दोन जिने चढून आली होती, कठड्याला धरून धापा टाकत. हातात कापडी पिशवी. मी दार पूर्ण उघडलंही नाही. तिनं पिशवी पुढं केली. आत चार वांगी होती, पिवळीधमक, देठाला लाल चिंध्या तशाच. मी एवढाच विचार केला की त्या रविवारी चोरून नेली होती, आता मन खातंय म्हणून परत आणली.

"बी धर," ती म्हणाली.

मी पिशवी घेतली. ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही पाण्याचा तांब्या देतात. ती थोडा वेळ उभी राहिली आणि एकेक पायरी आडवी होऊन उतरली. खालच्या वळणावर तिचा श्वास ऐकू येत होता. मी दार लावलं.

फळं फोडली, गर पाण्यात कालवला. बी सगळं तळाला बसलं, एक वर आलं नाही. राखेत घोळून सावलीत सुकवलं. त्या दिवशी मला खूप दिवसांनी बरं वाटलं, पण आक्काबद्दल काही नरम झालं नाही. चोरानं माल परत केला तर त्याला काय ओवाळायचं?

बी असून माती नाही, ही काय अवस्था. पावसाळा तोंडावर आलेला. मी नाक मुठीत धरून पुन्हा अर्ज केला आणि दीड महिन्यात राहिलेले दहा तास क्लासला बसले. पुढच्या खुर्चीत नाही, मागं, पंख्याखाली, हातांची घडी घालून. एक क्लास होता 'उभे झाड हलवणे'. ती मातीवाली मुलगीच पडद्यावर दाखवत होती: फळावरचं झाड असेल तर आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, अर्धी पानं कापा, ढेकूळ न फोडता ओल्या गोणपाटात उचला, आठ दिवस वर ओलं फडकं धरा. मी शेजारणीच्या कानात म्हटलं की हे असलं मार्चच्या उन्हात करून दाखव म्हणावं. शेजारीण हसली.

जूनमध्ये सेक्रेटरीनं बोलावलं. माझं नवं निळं कार्ड तयार होतं. ती म्हणाली की नशीबवान आहात, यादीत थांबावं लागलं नाही, नऊ नंबर रिकामा झालाय.

मी विचारलं की आक्का कुठं गेली. तिनं रजिस्टर बंद केलं आणि गोड आवाजात सांगितलं. एप्रिलच्या तपासणीत नऊ नंबरमध्ये चार झाडं जास्तीची सापडली होती. मोकळ्या केलेल्या वाफ्यातली झाडं परत लावायची नाहीत, असा स्पष्ट नियम आहे. पण बाईनं ती वाफा मोकळा केला त्या रविवारीच उचलून आपल्या वाफ्यात आणली होती, स्वतःची मेथी उपटून. क्लासमध्ये शिकवलं तसंच्या तसं, अर्धी पानं कापलेली, ढेकळाला गोणपाट, वर ओली जुनी साडी. दिवसातून दोनदा येऊन पाणी घालायची म्हणे, त्या गुडघ्यानं. सेक्रेटरी म्हणाली की परीक्षा असती तर पैकीच्या पैकी दिले असते. कमिटीनं विचारलं की झाडं कुणाची. बाई म्हणाली, माझीच. फळं कुठं गेली विचारलं, तर त्यावर गप्प. दुसऱ्याची म्हणाली असती तर निदान ताकीद देऊन सोडलं असतं, पण मोकळ्या केलेल्या वाफ्यातला माल आपलाच म्हणून सांगते म्हटल्यावर कार्ड काढून घ्यावं लागलं. नियम सगळ्यांना सारखा.

मला बसायला खुर्ची मागावी लागली. तिनं लगेच दिली, पाणीही दिलं.

मग मी नऊ नंबरच्या वाफ्याच्या अर्जावर सही केली. करायला नको होती, हे मला कळतं. पण घरी कुंडीत पन्नास रोपं उभी होती आणि पाऊस सुरू झाला होता. मी सही केली.

पुढच्या रविवारी रोपांची एक जुडी ओल्या कागदात गुंडाळून वडगावला गेले. भर सकाळी दोन्ही लूम चालू होते, गल्लीपर्यंत खडखडाट. आक्का दारातच खाली पाय सोडून बसली होती, बॉबिन भरत. मला बघून तिनं हात थांबवला नाही. मी रोपं तिच्याजवळ ठेवली आणि सांगितलं की मला ठाऊक नव्हतं, तू झाडं जगवलीस हे मला कुणी सांगितलं नाही. तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं, त्या आवाजात ओरडून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

आक्कानं मान वर केली. आता ती बागेत बोलायची तेवढ्या हळू बोलली, पण मला शब्दन् शब्द कळला.

"पिवळी होती की गं."

शनिवारी जाळीतून हिरवी बघितलेली फळं माझ्या हातात पिवळी आली होती. वांगं घरात ठेवून तसं पिवळं होत नाही, बी तळाला बसत नाही. हे तिला सांगितलं होतं मीच, चिंध्या बांधताना. जन्माची शेतकरीण मी, पिशवी उघडून बघूनही आणि पुढं बारा तास क्लास पुरे करूनही मला ते दिसलं नव्हतं.

तिनं रोपं उचलून आतल्या बाजूला ठेवली, सावलीत. मला बस म्हटलं नाही. बॉबिनवर पुन्हा हात चालू केला. मी थोडा वेळ उभी राहिले आणि मग निघाले. आठ वाजायला आले होते आणि बागेत सेक्रेटरी रजिस्टर घेऊन गेटवर थांबलेली असणार होती.